वनखातं, बँकखातं आणि पॅरिसमधलं घर

२००६ साली केप टाऊनच्या उच्च न्यायालयात एक प्रतिज्ञापत्र दाखल झालं. ते करणारे तेओदोरो न्गेमा ओबियांग मांगे हे इक्वेटोरियल गिनी या मध्य आफ्रिकेतल्या छोट्या देशाचे कृषी आणि वनमंत्री होते. वडील राष्ट्राध्यक्ष आणि दोघांचं नाव तेओदोरो, म्हणून मुलाला सगळे 'तेओदोरिन' म्हणतात. त्यांच्या सरकारकडे एका दक्षिण आफ्रिकी व्यावसायिकाचे पैसे थकले होते. केप टाऊनच्या क्लिफ्टन आणि बिशप्सकोर्ट या महागड्या भागांत मंत्र्यांचे दोन बंगले होते. ते सरकारचेच समजून त्यांवर टाच आणावी, अशी त्या व्यावसायिकाची मागणी होती. मंत्र्यांनी उत्तर दिलं की बंगले माझे आहेत, सरकारचा त्यांच्याशी काही संबंध नाही.

मंत्र्याच्या पगारात असे बंगले येतात कसे, हा पुढचा प्रश्न ओघानेच आला. त्याचं उत्तरही प्रतिज्ञापत्रात होतं. आमच्या देशात मंत्र्याला कंपनी काढायची कायद्याने मुभा आहे, ती कंपनी परदेशी कंपनीशी भागीदारी करून सरकारी कंत्राटासाठी बोली लावू शकते, आणि कंत्राट मिळालं की त्यातला बराच मोठा हिस्सा मंत्र्याच्या बँक खात्यात जातो, असा त्याचा आशय. हे लिहिलं गेलं ते बचाव म्हणून, आपलं उत्पन्न कायदेशीर आहे हे पटवण्यासाठी.

पाच वर्षांनी, २०११ च्या शरद ऋतूत, पॅरिसमध्ये ४२, अव्हेन्यू फॉश या पत्त्यावरच्या त्यांच्या इमारतीपर्यंत पोलीस पोहोचले. तेव्हा त्यांच्या देशाच्या वकिलातीने फ्रान्सला कळवलं की ही इमारत आमच्या देशाची आहे, राजनैतिक कामासाठी आहे, तिला हात लावता येणार नाही.

केप टाऊनमध्ये सरकारचं देणं अंगावर येत होतं तेव्हा घर मंत्र्याचं होतं. पॅरिसमध्ये मंत्र्यावरचा खटला घरापर्यंत आला तेव्हा घर सरकारचं झालं. ही दोन उत्तरं शेजारी शेजारी ठेवली की या मंत्र्याची कारकीर्द समजायला लागते. मराठीत मंत्र्याच्या विभागाला आणि बँकेतल्या हिशेबाला एकच शब्द आहे: खातं. हे प्रकरण त्या एका शब्दाच्या दोन अर्थांमधलं अंतर पुसलं गेल्याचं आहे, आणि ते पुन्हा आखायला परदेशी न्यायालयांना किती वर्षं लागली त्याचंही.

देश, वडील आणि वनखातं

इक्वेटोरियल गिनी म्हणजे जेमतेम २८ हजार चौरस किलोमीटर. नाशिक आणि पुणे हे दोन जिल्हे एकत्र केले तर त्याहून थोडा लहानच. या सगळ्या काळात राजधानी असलेलं मलाबो बियोको बेटावर आणि मुख्य भूभाग, रिओ मुनी, कॅमेरून आणि गॅबन यांच्या मध्ये. स्पेनची ही वसाहत १२ ऑक्टोबर १९६८ रोजी स्वतंत्र झाली. पहिले राष्ट्राध्यक्ष फ्रान्सिस्को मासियास न्गेमा यांची राजवट इतकी क्रूर होती की देशातल्या लोकसंख्येचा मोठा भाग परागंदा झाला. ३ ऑगस्ट १९७९ रोजी त्यांचेच पुतणे, लष्करी अधिकारी तेओदोरो ओबियांग न्गेमा म्बासोगो, यांनी त्यांना उलथून टाकलं. काकांना त्याच वर्षी सप्टेंबरात मृत्युदंड दिला गेला. तेव्हापासून ओबियांग सत्तेवर आहेत. राजे सोडले तर आजच्या जगात इतका काळ राष्ट्रप्रमुखपदी असलेला दुसरा माणूस नाही.

१९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत हा देश कोको, कॉफी आणि लाकूड यांवर जगत होता. मग बियोकोजवळच्या समुद्रात झाफिरोचं तेलक्षेत्र सापडलं आणि काही वर्षांत दरडोई उत्पन्नाचा आकडा आफ्रिकेत वरच्या रांगेत जाऊन बसला. तो आकडा सरासरीचा होता. गावात नळ, दवाखाना आणि शाळा यांची अवस्था त्या आकड्याशी जुळत नव्हती आणि आजही जुळत नाही. तेल, वायू आणि खाणींच्या उत्पन्नाचा हिशेब उघड करणारा एक आंतरराष्ट्रीय उपक्रम आहे, त्यात या देशाने प्रवेश मागितला होता. अटी पूर्ण न झाल्यामुळे २०१० साली त्याला यादीतून काढण्यात आलं.

तेओदोरिन या काळात वाढले. शिक्षण फ्रान्समध्ये, मग १९९१ मध्ये काही महिने कॅलिफोर्नियातल्या मालिबूच्या पेपरडाइन विद्यापीठात. तिथला खर्च इक्वेटोरियल गिनीत काम करणाऱ्या एका अमेरिकी तेलकंपनीने उचलला होता. अभ्यासक्रम अर्धवट सुटला, पण मालिबूची ओढ राहिली. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात वडिलांनी त्यांना मंत्रिमंडळात घेतलं आणि जंगल त्यांच्याकडे दिलं. पुढे शेतीही आली. तेलखातं काही वर्षांनी सावत्र भावाकडे, गाब्रिएल म्बेगा ओबियांग लिमा यांच्याकडे गेलं.

तेलाच्या देशात वनखातं दुय्यम असेल असं आपल्याला वाटतं. मला ते तसं वाटत नाही. तेल समुद्रात असतं, ते काढायला मोठ्या परदेशी कंपन्या लागतात, त्यांचे करार लांबलचक असतात आणि पैसा बहुतेक करून सरकारच्या नावाने येतो. जंगलाचं तसं नाही. रिओ मुनीतलं ओकुमे हे झाड प्लायवूडसाठी जगभर मागणी असलेलं. (म्यानमारने २०१४ मध्ये ओंडक्यांची निर्यात थांबवल्यावर आपल्याकडचे प्लायवूड कारखानेही तिथल्या गर्जन लाकडाऐवजी इक्वेटोरियल गिनीच्या शेजारच्या गॅबनमधल्या ओकुमेकडे वळले. आपल्या गावातल्या प्लायवूडच्या दुकानात हे नाव आता सर्रास ऐकू येतं.) कोणता पट्टा कुणाला तोडायला द्यायचा, ओंडका बंदरातून सुटायचा की नाही, हे मंत्र्याच्या सहीवर. सही झाली नाही तर कापलेलं लाकूड बाटा बंदराच्या धक्क्यावर कुजत पडणार. ज्याच्या हातात ती सही, त्याच्यापुढे व्यापाऱ्याला उभं राहावंच लागतं.

अमेरिकेच्या न्याय खात्याने पुढे दाखल केलेल्या दाव्यात नेमकं हेच मांडलं होतं. लाकूड निर्यात करणाऱ्यांकडून 'क्रांती कर' या नावाने वसुली होत असे आणि तो पैसा रोखीने किंवा मंत्र्यांच्याच कंपनीच्या नावाच्या धनादेशाने द्यावा लागे, असा आरोप. त्या कंपनीचं नाव सोमागी फॉरेस्टाल. म्हणजे जंगलाचे परवाने देणारा मंत्री आणि जंगलाच्या धंद्यात उतरलेल्या कंपनीचा मालक एकच. पॅरिसच्या तपासातही हीच कंपनी पुन्हा पुन्हा पुढे आली, कारण मंत्र्यांच्या खासगी खरेदीची बिलं तीच भागवत होती. २००९ साली पॅरिसमध्ये फॅशनकार इव्ह सँ लोराँ यांच्या कलासंग्रहाचा लिलाव झाला. त्यात तेओदोरिन यांच्यासाठी १०९ वस्तू घेतल्या गेल्या, किंमत १ कोटी ८३ लाख युरो. पैसे सोमागी फॉरेस्टालने भरले. लाकूडतोडीच्या कंपनीला प्राचीन मूर्ती आणि चांदीची भांडी कशाला हवीत, एवढा एक प्रश्न तपासाला पुरेसा होता.

पैसा अमेरिकेत कसा शिरला

२००४ च्या जुलैत अमेरिकी सिनेटच्या एका उपसमितीने वॉशिंग्टनच्या रिग्ज बँकेवर अहवाल दिला. इक्वेटोरियल गिनीचं सरकार, तिथले अधिकारी आणि त्यांचे नातेवाईक यांची मिळून ६० हून अधिक खाती त्या बँकेत होती आणि ठेवी ७० कोटी डॉलरपर्यंत गेल्या होत्या. बँकेचा तो सर्वांत मोठा ग्राहक होता. रिग्जने पुढे गुन्हा कबूल करून १ कोटी ६० लाख डॉलर दंड भरला आणि दीडशे वर्षांहून जुनी ती बँक २००५ मध्ये विकली गेली.

यानंतर बड्या बँका या देशातल्या नावांना घाबरू लागल्या. तरीही पैसा येत राहिला, आणि तो कसा हे त्याच उपसमितीच्या २०१० च्या अहवालात आहे. २००४ ते २००८ या काळात ११ कोटी डॉलरहून जास्त संशयास्पद रक्कम तेओदोरिन यांनी अमेरिकेत आणली. वकिलांनी नावापुरत्या कंपन्या काढून दिल्या आणि ग्राहकांचे पैसे ठेवण्याच्या आपल्या खात्यांतून व्यवहार फिरवले. बँकेला वकिलाचं नाव दिसे, मागचा मंत्री दिसत नसे. घराचे दलाल, विमानाचा सौदा करणारे, पैसे तात्पुरते सांभाळणारे मध्यस्थ, सगळे या साखळीत होते. २००६ साली मालिबूच्या समुद्रकाठचा ३ कोटी डॉलरचा बंगला आणि ३ कोटी ८५ लाखांचं गल्फस्ट्रीम जेट विमान याच मार्गाने घेतलं गेलं. अमेरिकी न्याय खात्याच्या म्हणण्याप्रमाणे मंत्री म्हणून त्यांचा अधिकृत पगार वर्षाला १ लाख डॉलरपेक्षा कमी होता, आणि २००० ते २०११ या काळात त्यांनी ३० कोटी डॉलरहून अधिक खर्च केले.

आपल्याकडे लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या बातम्यांमधला 'अपसंपदा' हा शब्द वाचकांना पाठ आहे. ज्ञात उत्पन्नाशी न जुळणारी मालमत्ता. इथे ते न जुळणं दशांशात नव्हतं.

अमेरिकेने वापरलेलं हत्यार मात्र वेगळं होतं. मंत्र्यावर फौजदारी खटला चालवण्याऐवजी थेट वस्तूंवर दावा. कायद्याच्या नजरेत प्रतिवादी ती वस्तूच, त्यामुळे मालकाच्या पदाला संरक्षण आहे की नाही हा प्रश्नच उरत नाही. म्हणून न्यायालयाच्या दप्तरात एक दावा 'अमेरिकन संयुक्त संस्थाने विरुद्ध मायकेल जॅक्सनचा स्फटिकजडित हातमोजा' अशा थाटाच्या नावाने नोंदला गेला. तेओदोरिन हे जॅक्सनच्या वस्तूंचे मोठे संग्राहक. वर्तमानपत्रांना तो हातमोजा इतका आवडला की प्रकरण म्हटलं की तोच आठवतो. मला त्याबद्दल खंत आहे. मोज्याच्या चकाकीत ओंडके मागे पडले, आणि ज्या व्यापाऱ्यांनी, मजुरांनी, जंगलालगतच्या गावांनी त्याची किंमत मोजली त्यांच्याबद्दल कुणी फारसं लिहिलं नाही.

ऑक्टोबर २०१४ मध्ये तडजोड झाली. तेओदोरिन यांनी गुन्हा मान्य केला नाही, पण मालिबूचा बंगला, फेरारी आणि जॅक्सनच्या काही वस्तू, मिळून सुमारे ३ कोटी डॉलरची मालमत्ता सोडायला ते तयार झाले. विमान त्यांच्याकडेच राहिलं.

पॅरिस: फिर्याद कोण करणार

फ्रान्समधली कथा एका वेगळ्याच दारातून सुरू होते. २००७ पासून तिथल्या काही स्वयंसेवी संस्था आफ्रिकी राज्यकर्त्यांच्या पॅरिसमधल्या मालमत्तांची यादी करत होत्या. वकिलांची 'शेर्पा' ही त्यांतली महत्त्वाची संस्था. डिसेंबर २००८ मध्ये ट्रान्स्परन्सी इंटरनॅशनलच्या फ्रेंच शाखेने रीतसर फिर्याद केली. गॅबन, काँगो प्रजासत्ताक आणि इक्वेटोरियल गिनी या तीन देशांचे राष्ट्राध्यक्ष आणि त्यांचा गोतावळा हे तिचे लक्ष्य होते.

सरकारी वकिलांचा विरोध होता. पैसा आफ्रिकेतल्या जनतेचा, मग पॅरिसच्या संस्थेचं नुकसान ते काय, असा प्रश्न. २००९ मध्ये अपील न्यायालयाने हाच मुद्दा धरून फिर्याद फेटाळली. ९ नोव्हेंबर २०१० रोजी सर्वोच्च न्यायपीठाने तो निकाल फिरवला आणि भ्रष्टाचाराविरुद्ध काम करणं हेच जिचं प्रयोजन आहे त्या संस्थेला फिर्यादी होता येईल असं ठरवलं. माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत दूरगामी क्षण हा आहे. शिक्षा त्यानंतर सात वर्षांनी झाली, पण हे दार उघडलं नसतं तर ती कधीच झाली नसती. ज्या देशात सरकारी वकीलही राष्ट्राध्यक्षांच्या मर्जीतला, तिथल्या लोकांच्या वतीने बोलणारं बाहेर कुणीतरी असणं ही शेवटची वाट होती.

आता तीन कुटुंबांपैकी याच मंत्र्याचा खटला सर्वांत आधी का उभा राहिला? कारण बाकीचे राष्ट्राध्यक्ष होते आणि हा केवळ मंत्री होता. त्यातही कृषी आणि वनमंत्री.

हा फरक समजायला मध्य आफ्रिकेतल्याच आणखी एका मंत्र्याकडे पाहावं लागतं. काँगो लोकशाही प्रजासत्ताकाचे परराष्ट्रमंत्री अब्दुलाये येरोडिया न्दोम्बासी यांच्याविरुद्ध बेल्जियमच्या एका न्यायाधीशाने २००० साली अटक वॉरंट काढलं होतं. काँगो हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. १४ फेब्रुवारी २००२ च्या निकालात न्यायालयाने सांगितलं की राष्ट्रप्रमुख, सरकारप्रमुख आणि परराष्ट्रमंत्री यांना पदावर असेपर्यंत दुसऱ्या देशातल्या फौजदारी कारवाईपासून पूर्ण संरक्षण आहे. देशाच्या वतीने जगभर फिरणं हे त्यांचं कामच असतं. शेती आणि जंगल सांभाळणारा मंत्री या तिघांत बसत नाही.

म्हणून तेओदोरिन यांच्या पुढच्या बढत्या आणि पॅरिसच्या तारखा एकत्र वाचायला हव्यात.

२०११ च्या सप्टेंबर अखेरीस अव्हेन्यू फॉशच्या आवारातून आलिशान गाड्या जप्त झाल्या. ४ ऑक्टोबरला वकिलातीचं पत्र गेलं: इमारत आमची. सोबत कागद होता की १५ सप्टेंबरला, म्हणजे गाड्या उचलल्या जाण्याच्या जेमतेम दोन आठवडे आधी, मंत्र्यांनी आपला हिस्सा सरकारला दिला आहे. ११ ऑक्टोबरला फ्रान्सच्या परराष्ट्र खात्याने कळवलं की ही इमारत वकिलातीचा भाग नाही. त्याच महिन्यात तेओदोरिन यांची युनेस्कोतल्या देशाच्या शिष्टमंडळाचे उपप्रतिनिधी म्हणून नेमणूक झाली. मंत्री असलेला माणूस पॅरिसमधल्या शिष्टमंडळाचा दुय्यम प्रतिनिधी होतो, हे एरवी कळलं नसतं.

१४ ते २३ फेब्रुवारी २०१२ असे दहा दिवस त्या इमारतीची झडती चालली. १०१ खोल्या, उंची वाइन, चित्रं, जुनं फर्निचर. सामान ट्रकांनी हलवावं लागलं. इमारत पाच स्विस कंपन्यांच्या नावावर होती आणि त्यांतल्या एकीचं नाव 'गणेशा होल्डिंग'. निकालपत्र वाचताना मी त्या नावापाशी थबकलो. ज्याला आपण विद्येचा आणि शुभारंभाचा देव म्हणतो त्याचं नाव मालक लपवणाऱ्या कागदावर पाहून वाईट वाटलं.

२१ मे २०१२ रोजी तेओदोरिन देशाचे दुसरे उपराष्ट्राध्यक्ष झाले, संरक्षण आणि सुरक्षा खात्यांसह. उपराष्ट्राध्यक्षाचं पद आदल्या नोव्हेंबरात सार्वमताने बदललेल्या राज्यघटनेमुळे शक्य झालं होतं. जुलैत पॅरिसच्या तपास न्यायाधीशांनी त्यांच्याविरुद्ध अटक वॉरंट काढलं आणि १९ तारखेला इमारतीवर टाच आणली. आठ दिवसांनी वकिलातीने पुन्हा पत्र पाठवलं की कार्यालयं आता तिथेच आहेत. मार्च २०१४ मध्ये मलाबोहून व्हिडिओद्वारे त्यांच्यावर आरोप ठेवण्यात आले. डिसेंबर २०१५ मध्ये फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायपीठाने सांगितलं की दुसऱ्या उपराष्ट्राध्यक्षाला ते संरक्षण नाही, शिवाय आरोप पद मिळण्याआधीच्या खासगी कृत्यांचे आहेत. १३ जून २०१६ रोजी इक्वेटोरियल गिनीने फ्रान्सला हेगच्या न्यायालयात खेचलं. आणि २१ जून २०१६ रोजी तेओदोरिन यांच्या पदापुढचा 'दुसरे' हा शब्द गेला. ते उपराष्ट्राध्यक्ष झाले.

या तारखांवरून हेतू सिद्ध होतो असं मी म्हणणार नाही. वारस म्हणून मुलाला पुढे आणायचं हे वडिलांच्या मनात आधीपासून असणार, आणि खटला नसता तरी कदाचित हीच पदं मिळाली असती. पण एवढं नक्की की प्रत्येक नवं पद मिळालं की ते न्यायालयापुढे ढाल म्हणून धरलं गेलं, आणि न्यायालयाने दर वेळी तीच दोन टोकं तपासली: कृत्य कधीचं, आणि ते पदाच्या कामाचं की स्वतःसाठीचं.

निकाल

खटला २०१७ च्या उन्हाळ्यात चालला. आरोपी गैरहजर. सरकारी पैशाचा अपहार, कंपनीच्या मालमत्तेचा गैरवापर, विश्वासघात आणि लाच यांतून आलेला पैसा फ्रान्समध्ये जिरवला, म्हणजे मनी लाँडरिंग, हा मुख्य आरोप. बचाव केप टाऊनचाच होता: आमच्या कायद्यात मंत्र्याला धंदा करायची मुभा आहे, पैसा वैध आहे, आणि आमच्या देशात कुणाची तक्रार नाही. न्यायाधीशांनी ते मानलं नाही. २७ ऑक्टोबर २०१७ रोजी तीन वर्षांची स्थगित कैद, ३ कोटी युरोंचा स्थगित दंड आणि जप्त मालमत्ता सरकारजमा, असा निकाल लागला. फेब्रुवारी २०२० मध्ये अपील न्यायालयाने दंडाची स्थगिती काढून टाकली. २८ जुलै २०२१ रोजी सर्वोच्च न्यायपीठाने शिक्कामोर्तब केलं. एका विदेशी राज्यकर्त्याविरुद्धचा असा खटला फ्रान्समध्ये शेवटपर्यंत गेल्याचं हे पहिलं उदाहरण.

हेगचा निकाल त्याआधी, ११ डिसेंबर २०२० रोजी आला. प्रश्न इमारतीचा होता. एखाद्या देशाने 'ही आमची वकिलात' असं म्हटलं की यजमान देशाला ते मान्य करावंच लागतं का? न्यायालयाने नऊ विरुद्ध सात मतांनी सांगितलं की या इमारतीला राजनैतिक वास्तूचा दर्जा कधीच मिळाला नव्हता, कारण फ्रान्सने वेळेत आणि सकारण हरकत घेतली होती. सात न्यायाधीशांचं मत वेगळं होतं, आणि ते मला सहज बाजूला सारता येत नाही. उद्या एखादं मोठं राष्ट्र लहान राष्ट्राच्या खऱ्याखुऱ्या वकिलातीला याच आधारावर नाकारू शकेल, ही भीती निराधार नाही. तरी ११ ऑक्टोबर २०११ चं ते पत्र फ्रान्सने सात दिवसांत धाडलं होतं. परराष्ट्र खात्यातला तो अधिकारी कोण होता कुणास ठाऊक. एक महिना फाइल पडून राहिली असती तर कदाचित निकाल उलटा लागला असता.

बाकीचे देश आपापल्या परीने वागले. जिनिव्हाच्या सरकारी वकिलांनी २०१९ मध्ये प्रकरण तडजोडीने बंद केलं, पण २५ गाड्या ठेवून घेतल्या. सप्टेंबरात त्यांचा लिलाव होऊन २ कोटी ३० लाख स्विस फ्रँकहून जास्त रक्कम आली, त्यातली एकट्या लॅम्बोर्गिनी वेनेनोची ८२ लाख ८० हजार. ब्राझीलमध्ये सप्टेंबर २०१८ मध्ये विराकोपोस विमानतळावर त्यांच्या शिष्टमंडळाच्या सामानात सुमारे १५ लाख डॉलर रोख आणि त्याच्या दसपट किमतीची घड्याळं सापडली. ब्रिटनने जुलै २०२१ मध्ये निर्बंध लावले. इक्वेटोरियल गिनीने लंडनमधली वकिलात बंद करून उत्तर दिलं.

मायदेशात मात्र कारकिर्दीला ओरखडा नाही. उलट, आता भ्रष्टाचाराविरुद्ध बोलणारा चेहरा तेच आहेत. जानेवारी २०२३ मध्ये राष्ट्रीय विमान कंपनीचं एक विमान परस्पर विकल्याच्या आरोपावरून सावत्र भाऊ रुस्लान यांना अटक झाली, तेव्हा ती बातमी उपराष्ट्राध्यक्षांनी स्वतः समाजमाध्यमावर जाहीर केली.

पैसा परत कुणाला द्यायचा

इथे प्रकरण सर्वांत अवघड होतं, आणि इथेच ते मला सर्वांत जास्त अस्वस्थ करतं. चोरीचा माल मालकाला द्यावा हे साधं. पण मालक जनता, आणि जनतेच्या नावाने हात पुढे करणारं सरकार म्हणजे आरोपीचे वडील. पैसा सरकारला दिला तर तो फिरून तिथेच. नाही दिला तर श्रीमंत देशाने गरीब देशाचा पैसा ठेवून घेतला. फ्रान्सच्या जुन्या नियमाप्रमाणे जप्तीचा पैसा फ्रान्सच्याच तिजोरीत जाणार होता. म्हणजे रिओ मुनीतलं जंगल तुटलं आणि त्यातून पॅरिसचे रस्ते झाले असते.

अमेरिकेने मधला मार्ग काढला. सप्टेंबर २०२१ मध्ये मालिबूच्या घराच्या विक्रीतून आलेल्या पैशाचं वाटप जाहीर झालं: १ कोटी ९२ लाख ५० हजार डॉलर संयुक्त राष्ट्रांमार्फत इक्वेटोरियल गिनीसाठी कोविडच्या लसी घ्यायला, आणि ६३ लाख ५० हजार एका वैद्यकीय संस्थेला औषधं आणि साहित्यासाठी. सरकारच्या हातात काहीच नाही. लस म्हणजे अशी वस्तू की जी दंडात गेली की पुन्हा विकता येत नाही. मला ही निवड फार शहाणपणाची वाटते. फ्रान्सनेही ४ ऑगस्ट २०२१ रोजी कायदा केला की अशा प्रकरणांतला पैसा मूळ देशातल्या लोकांसाठी, त्यांच्या शक्य तितक्या जवळ, विकासकामांवर खर्च व्हावा. ती तारीख शेवटच्या निकालानंतर आठवडाभराने आली.

आणि मग घर. २९ सप्टेंबर २०२२ रोजी इक्वेटोरियल गिनीने हेगमध्ये दुसरा दावा दाखल केला. या वेळी आधार होता संयुक्त राष्ट्रांच्या भ्रष्टाचारविरोधी कराराचा, ज्यात अपहार झालेली सार्वजनिक मालमत्ता मूळ देशाला परत द्यावी असं कलम आहे. केप टाऊनमध्ये घरं मंत्र्याच्या वैध कमाईची होती. २०११ मध्ये पॅरिसचं घर वकिलात होतं. आता तेच घर मागताना हा देश म्हणत होता की भ्रष्टाचाराच्या गुन्ह्यांतून आलेली ही मालमत्ता आमच्याविरुद्ध झालेल्या गुन्ह्याची आहे, म्हणून आमची आहे. हे म्हणणाऱ्या देशाचे उपराष्ट्राध्यक्ष तेव्हाही तेओदोरिनच होते. २०२५ च्या उन्हाळ्यात फ्रेंच पोलिसांनी इमारतीतल्या काही दारांची कुलपं बदलली, तेव्हा विक्री थांबवा म्हणून तातडीचा अर्ज झाला. १२ सप्टेंबर २०२५ रोजी आंतरराष्ट्रीय न्यायालयाने तो फेटाळला.